व्हांदाचे चार टायर

माझ्या तोंडात पुढचे जे चार दात आहेत ना, ते टायरचे आहेत. हसू नका. म्हणजे हसा, पण आधी ऐका.

आमच्या स्लोनिम गावच्या शिवणकारखान्यात मी तीस वर्षं मशीनवर काढली. तीस वर्षं दोरा दातांनी तोडला. कात्री समोर लटकलेली असायची, पण कात्री हातात घेऊन परत ठेवण्यात दोन सेकंद जातात आणि आमचा पगार नगावर. दोन-दोन सेकंदांनी माझे वरचे चार दात खाल्ले. त्या वर्षी मी बावन्न वर्षांची होते आणि हसताना तोंडावर हात घ्यायची, नव्या नवरीसारखी. माझ्यासारख्या फटकळ बाईला ते शोभत नव्हतं, पण करणार काय!

आम्हा दहाजणींची भिशी होती. पगाराच्या दिवशी प्रत्येकीने दीड लाख रुबल काढायचे आणि पंधरा लाख एकीच्या हातात द्यायचे. लाख ऐकून डोळे मोठे करू नका, तेव्हा आमच्याकडे झाडूवालासुद्धा लखपती होता आणि पाव दोन हजाराला मिळायचा. सप्टेंबरात टोपीत चिठ्ठ्या टाकून नंबर काढायचे, जूनपर्यंत दहा महिने, दहा नंबर. वही माझ्याकडे. वही माझ्याकडे म्हणजे कायदा माझ्याकडे, आणि माझा कायदा एकच: नंबर म्हणजे नंबर. कुणाचं लग्न असो, कुणाचं बारसं असो, अदलाबदल नाही. एकदा सुरू झाली की सगळ्याच रडत येतात.

त्या वर्षी व्हांदाला सातवा नंबर लागला, मार्चचा. तैसाला नववा, मेचा. मला दहावा.

तैसा आमच्यात सगळ्यांत गुणी. रेशमी अस्तर लावावं तर तिनंच. पण घरी सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा कामासाठी दूर गेला तो तिकडचाच झालेला. रोज कामावरून गेलं की टबमध्ये वाकून सासूच्या चादरी धुवायच्या, हाताने, कसल्याशा जहाल पावडरीत. फेब्रुवारीपर्यंत तिच्या हातांची नुसती चाळण झाली होती. बोटांना भेगा, भेगांना कडा, आणि त्या कडांत रेशमाचे धागे अडकून ओढले जायचे. माल परत यायला लागला, आणि आमच्यावर देखरेख करणाऱ्या मास्टरबाई वैतागल्या.

मार्चच्या पगाराला ती माझ्याकडे आली. हात पाठीमागे लपवून उभी. मान द्यायचा म्हणून ती मला बापाच्या नावानेच हाक मारायची.

"स्तानिस्लावना, व्हांदाचा नंबर मला देता येईल का? ती मेमध्ये घेईल म्हणते. मला धुण्याचं मशीन घ्यायचंय. मास्टरबाईंनी सांगितलंय, आणखी एक गठ्ठा परत आला तर मला पॅकिंगला पाठवणार."

"व्हांदा म्हणते?" मी व्हांदाकडे बघितलं.

व्हांदा म्हणजे एक नंबरची चिक्कू. चहाची पुडी तीनदा भिजवणार. तिने खांदे उडवले. "मी म्हटलं खरं. पण तुझ्या वहीत बसत असेल तर."

"नाही बसत," मी म्हणाले. "नंबर म्हणजे नंबर."

तैसा काही बोलली नाही. ती बोलतच नाही, हेच तर तिचं वाईट. माझ्यावर ओरडली असती तर मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि पैसे दिले असते. गुपचूप गेली आणि एप्रिलपासून पॅकिंगला लागली. माझा पगार नऊ लाख, तिचा पाचावर आला.

आणि व्हांदाने त्या मार्चच्या पैशांचं काय करावं? तेव्हाच कुजबुज सुरू झाली होती की रुबल पडणार. डॉलर मिळेनासे झाले, बँकेच्या खिडकीपुढे लोक यादी करून पहाटेपासून उभे. मग ज्याला जे दिसेल ते तो घरी आणायला लागला. आमच्या जिन्यातल्या एका म्हाताऱ्याने सात इस्त्र्या घेतल्या. व्हांदा दुकानात पोहोचली तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या. फक्त चार टायर होते. तेरा इंची. तिने बारा लाख ऐंशी हजार मोजले आणि चारही टायर घेऊन आली.

व्हांदाकडे गाडी नाही. नवऱ्याकडे नाही, भावाकडे नाही. सायकलसुद्धा नाही!

"अगं, पण टायर कशाला?" मी विचारलं.

"नासत तर नाहीत ना," ती म्हणाली. "रुबल नासतो."

मी तिला पळता भुई थोडी केली. दोन महिने रोज कारखान्याच्या दारात विचारायची, "काय व्हांदा, आज गाडीने आलीस की टायरनेच?" सगळ्याजणी खिदळायच्या. मी तोंडावर हात ठेवून.

आता माझ्या दातांचं. आमच्या गावात दात बसवणारा एक भला कारागीर आहे, मार्क येफिमाविच. म्हातारा, कुरकुऱ्या, पण हातात जादू. चार दातांचे त्याने वीस लाख सांगितले होते. मेच्या पगाराच्या आदल्या दिवशी मला म्हणाला, "रेहिना स्तानिस्लावना, मला सामान बाहेरून येतं. उद्या संध्याकाळी सहापर्यंत साडेसात लाख आणून द्या, मी त्यात सामान उचलतो, भाव वीसचाच धरतो. बाकीचे जूनमध्ये. सहानंतर आलात तर माझी जबाबदारी नाही. मी काय, माझी गाडीसुद्धा दोन वर्षं विटांवर उभी आहे, कुणाला दया आलीय?"

मी हिशोब केला. पगार नऊ लाख. दीड भिशीत. उरले बरोब्बर साडेसात. महिनाभर तळघरातले बटाटे आणि बरणीतल्या काकड्या खाईन, पण दात होतील! त्या रात्री आनंदाने झोप आली नाही. आरशासमोर उभी राहून बंद तोंडाने हसून बघितलं.

शुक्रवार उजाडला. पगार कार्डावर आला तशी अख्खी पाळी फाटकाजवळच्या पैशांच्या यंत्राकडे धावली. जेवणाच्या सुट्टीत भिशी माझ्या हातात आली, पंधरा लाख. मी ते तैसाच्या पिशवीत घातले आणि माझे साडेसात माझ्या आतल्या खिशात. पावणेचारला पाळी सुटते. साडेतीनला सूतगिरणीकडची एक पोरगी ओरडत आली, "दुकानात किमती बदलतायत! आत्ता! हाताने लिहितायत!"

मशीनं जागच्या जागी थांबली. मास्टरबाई "कुठे निघालात?" म्हणेपर्यंत त्यांनीच पर्स उचललेली.

बाकीच्या कुणी साखरेला धावल्या, कुणी तेलाला. तैसा मात्र पिशवी छातीशी धरून तिथेच उभी. मी तिचा दंड धरला. "चल! पळ! आज मशीन घरी आलं नाही तर मी तुला स्वतः टबमध्ये बुडवीन!" व्हांदाही आमच्या मागे निघाली, कशासाठी देव जाणे. तिने जेवणाच्या सुट्टीतच पगाराची साखर घेऊन टाकली होती, चाळीस किलो.

आम्ही तिघी श्चारा नदीच्या पुलावरून पळालो. बावन्न वर्षांची मी, अठ्ठावन्नची व्हांदा. शेवटचं कधी पळाले होते आठवत नाही, पण काय सांगू, अंगात वारं शिरलं होतं! सगळं गाव पळत होतं. एक माणूस डोक्यावर टीव्ही घेऊन येत होता, एक बाई छातीशी तीन कढया धरून. अनोळखी लोक एकमेकांना ओरडून सांगत होते, "फ्रिज संपले! मशीन एक आहे, एकच!"

दुकानाच्या पार टोकाला ते उभं होतं. पांढरं, गोल काचेच्या दाराचं. त्यावर कागद: चौदा लाख ऐंशी हजार. आणि डाव्या बाजूने एक विक्रेती हातात जाड पेन घेऊन एकेक वस्तू करत येत होती. शेगडी झाली. पंखा झाला. आमच्या मशीनला दोन वस्तू उरल्या होत्या.

"तैसा, पड त्याच्यावर!" मी ओरडले.

ती खरंच पडली. दोन्ही हातांनी मशीनला मिठी मारून तिने गाल त्याच्या झाकणावर टेकवला. पण त्या पोरीने तिच्या काखेखालून हात घातला, कागद ओढला आणि लिहिलं: चोवीस लाख चाळीस हजार.

"अगं ए! आम्ही आधी आलो!"

"पावती फाडली होती का?"

"शाई अजून ओली आहे मेली! पूस ती!"

"मावशी, मलाही वरून फोन आला," ती पोर रडकुंडीला आली होती. "सकाळपासून चौथ्यांदा लिहितेय. माझा पगार सहा लाख आहे. मी काय करू?"

तिच्यावर काय ओरडणार? तेवढ्यात मागून एक जाडा माणूस आला, हातात नोटांची वीट. "बायांनो, घेत नसाल तर बाजूला व्हा."

तैसाने पिशवी उलटी केली. पंधरा लाख. मग स्वतःची पर्स. त्यात दोन लाख निघाले, आणि सासूच्या औषधाची चिठ्ठी. व्हांदाने खिसे चाचपले आणि खाली बघितलं. तैसा हळूच मशीनवरून उठली. काचेच्या दारावर तिच्या बोटांचे ओरखडे उमटले होते, इतकी ती बोटं खरखरीत. ती त्या माणसाला म्हणाली, "घ्या तुम्ही."

त्या क्षणी माझ्या डोक्यात मार्च महिना घणासारखा वाजला. मार्चमध्ये हेच मशीन बारा लाखांना होतं. मार्चमध्ये व्हांदा हो म्हणाली होती. मधे मी आडवी आले होते, माझी वही घेऊन.

"अजिबात नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की तो माणूस दोन पावलं मागे गेला. मी सगळ्यांसमोर ब्लाऊजची बटणं काढली, आतल्या खिशातून साडेसात लाख काढले आणि त्या पोरीपुढे आपटले. "मोज! सात चाळीस घे आणि दहा हजार परत दे. आणि पावती फाड, वरून पुन्हा फोन यायच्या आत!"

"स्तानिस्लावना, ते तुमच्या दातांचे आहेत," तैसा म्हणाली.

"दात गेले खड्ड्यात! म्हणजे गेलेच आहेत. तू मशीन धर!"

व्हांदा माझ्याकडे बघत राहिली. मग वाकून तिने मशीनचं एक टोक धरलं.

पुढचं तर जत्राच होती. पावाच्या गाडीवाल्याला पटवून मशीन तैसाच्या घरापर्यंत आणलं. पाचवा मजला, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर मला वाटलं आता मीच मरते. पाणी जोडलं, चादरी घातल्या आणि आम्ही तिघी न्हाणीघरात टबाच्या काठावर ओळीने बसून गोल काचेत बघत राहिलो. चादर वर जाते, खाली येते. सिनेमाला कधी इतकं मन लागलं नव्हतं. व्हांदाने पिशवीतून घरची दारू काढली. व्हांदाने! नवी वस्तू कोरडी ठेवत नाहीत म्हणाली. आतल्या खोलीतून सासू ओरडली, "कोण गाडी चालवतंय गं घरात?" आणि आम्ही हसून हसून टबात पडायच्या बेतात आलो.

मार्क येफिमाविचकडे मी गेलेच नाही. घड्याळात सव्वासात झाले होते.

पुढल्या मंगळवारी जाहीर झालं, डॉलर एका दिवसात दीडपट. पगार तोच. जणू रात्री कुणी येऊन आमच्या प्रत्येकीच्या पगारातून तिसरा हिस्सा कापून नेला आणि आकडा तसाच ठेवला. माझ्याजवळ दहा हजार होते. चार पाव आणि दूध. पण महिनाभर तैसा रोज डब्यात सूप आणायची आणि माझ्या मशीनवर आपटायची. "खा." मी नको म्हटलं की तिथेच उभी राहायची. आणि हळूहळू तिचे हात बरे व्हायला लागले. दोन आठवड्यांनी मास्टरबाईंनी तिच्या तळव्यावरून रेशमाचा तुकडा ओढून बघितला. तो सुळकन सरकला. दुसऱ्या दिवशी तैसा परत आपल्या जागेवर! मी इतकी खूश झाले की मास्टरबाईंची पापी घेतली.

जूनचा पगार आला. माझा नंबर. शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, पंधरा लाख हातात घेऊन मी मार्क येफिमाविचकडे गेले. तो पैशांकडे बघून हसला, वाईट हसला.

"आता चौतीस लाख. आणि खरं सांगू? मला पैसे नकोतच. पैसे घेऊन मी करू काय? दुकानात गेलो तर टायर नाहीत. जिल्ह्यात नाहीत. माझी मुलगी बाळंत झालीय, साठ किलोमीटरवर, आणि माझी गाडी विटांवर. टायर आणा, दात घ्या."

"कसले टायर?" मी त्याची बाही धरली.

"तेरा इंची. चार."

मी छत्री तिथेच विसरून पळाले. पण वाटेत पावलं मंदावली. कुठल्या तोंडाने मागू? बिनदाताच्या? दोन महिने मी त्या बाईची टर उडवली होती. आणि आता त्या टायरचे बाजारात तीस लाखही आले असते, हे व्हांदाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. चहाची पुडी तीनदा भिजवणारी बाई!

तरी दार वाजवलं. तैसा तिथेच बसलेली होती, साखर निम्मी-निम्मी वाटून घ्यायला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. व्हांदाने ऐकून घेतलं, बाल्कनीत गेली, टायरवर वाळत घातलेले मोजे काढले.

"बारा लाख ऐंशी हजार," ती म्हणाली.

"व्हांदा, वेडी आहेस का? तो मार्चचा भाव आहे!"

"मार्चमध्येच घेतले होते ना? वर एक रुबल नको." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मार्चमध्ये मी तैसाला नंबर देते म्हटलं खरं. पण तू नाही म्हणालीस तेव्हा मला बरंच वाटलं होतं, रेहिना. म्हणून टायर घेऊन आले. रोज रात्री बाल्कनीतून ते माझ्याकडे बघतात. घेऊन जा ते एकदाचे."

मला रडू फुटलं. सरळ हुंदके देऊन रडले, लाजले नाही. व्हांदाने तेवढ्यात पैसे दोनदा मोजून घेतले.

आणि मग आम्ही निघालो! भर दुपारी, स्लोनिमच्या मुख्य रस्त्याने, तीन बायका टायर ढकलत. मी एक, व्हांदा एक, आणि तैसाने दोन्ही हातांना एकेक. लोक खिडक्यांतून ओरडत होते, "बायांनो, गाडी कुठे राहिली?" व्हांदा ओरडून उत्तर देत होती, "मागून येतेय!" उतारावर माझा टायर सुटला आणि पुलाकडे धावत सुटला. मी त्याच्यामागे, "धरा! धरा! माझे दात चाललेत!" एका पोलिसाने तो पायाने अडवला आणि सलाम ठोकला. मी हसले. सगळ्या गावासमोर, उन्हात, तोंड वासून हसले आणि हात वर गेलाच नाही, कारण दोन्ही हातांनी टायर धरला होता.

मग माझं लक्ष तैसाकडे गेलं. टायरच्या काजळीने तिचे हात कोपरापर्यंत काळे, आणि नवी गुलाबी कातडी त्या खरबरीत रबरावर घासत होती.

"सोड ते!" मी किंचाळले. "अगं बाई, हात! सोमवारी रेशीम आहे! पुन्हा पॅकिंगला जायचंय का तुला? सोड म्हणते ना!"

एरवी एक शब्द न बोलणारी ती बाई भर रस्त्यात माझ्यावर खेकसली, "गप्प बस, रेहिना! तुझा नंबर आहे!"

आणि दोन्ही टायर ढकलत माझ्या पुढे निघून गेली.